कोंडा, शिबं आणि आपल्या अंगावर जन्मभर राहणारं यीस्ट

पाठीवर, मानेवर पांढरट डाग दिसले की आपल्याकडे घरात पहिला प्रश्न एकच येतो, कोड तर नाही ना. आणि एकदा हा प्रश्न मनात आला की लोक डॉक्टरकडे जायच्या आधी बाकी सगळं करून बघतात, कुणी लिंबू चोळतं, कुणी मेडिकलमधून ट्यूब आणतं, आणि मुलीच्या पाठीवर डाग असतील तर आई तिला मागून बंद गळ्याचेच ड्रेस शिवून घेते. मी नाशिकात एका छोट्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसते. एप्रिल-मेच्या घामापासून ते पार गणपतीपर्यंत आमच्याकडे असे स्किनचे सॅम्पल जास्त येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या स्लाइडवर जे दिसतं त्याचा कोडाशी काही संबंध नसतो, ते शिबं असतं. शिबं हे एका यीस्टचं काम. आणि हे यीस्ट कुणाकडून लागलेलं नसतं, ते त्या माणसाच्या अंगावर तान्हेपणापासून राहत असतं, माझ्याही अंगावर आहे, वाचणाऱ्याच्याही आहे. एवढं एक नीट कळलं ना, तर कोंडा, शिबं, पाठीवरच्या खाजऱ्या पुटकुळ्या या सगळ्याकडे बघायची पद्धतच बदलते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

यीस्ट म्हणजे बुरशीच, फक्त एका पेशीची. पाव फुगवणारं यीस्ट, द्राक्षाच्या रसाची वाईन करणारं यीस्ट नाशिककरांना काही नवीन नाही, पण ते साखरेवर जगतं. आपल्या कातडीवर सगळ्यात जास्त असतं ते यीस्ट वेगळं, त्याचं नाव मॅलॅसेझिया, आणि त्याला साखर नाही, तेल लागतं. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन ते आठ भाग एवढाच त्याचा आकार, म्हणजे डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही. १८४६ मध्ये आइकश्टेट नावाच्या जर्मन डॉक्टरने शिब्याच्या खपलीत बुरशी असते हे दाखवलं, १८७४ मध्ये फ्रान्सच्या लुई-शार्ल मालासे यांना डोक्यातल्या कोंड्यात गोल-लांबट यीस्ट दिसलं, आणि १८८९ मध्ये त्यांच्याच नावावरून या बुरशीचं नाव ठेवलं गेलं. पुढे कितीतरी वर्षं गोंधळ चालला, कारण कोंड्यात ते गोल दिसायचं आणि शिब्यात त्याचे धागे दिसायचे, त्यामुळे लोकांना वाटायचं या दोन वेगळ्याच बुरशी आहेत. शेवटी कळलं की एकच जीव दोन रूपांत दिसतोय. १९९६ मध्ये त्याच्या सात जाती नीट वेगळ्या ओळखल्या गेल्या आणि आता हा आकडा दीड डझनाच्या आसपास आहे, काही माणसांवरच्या, काही जनावरांवरच्या.

हे यीस्ट इतका काळ नीट का कळलं नाही त्याचं कारण लॅबमध्ये रोज दिसतं. बाकीच्या बऱ्याच बुरशा आमच्या नेहमीच्या प्लेटवर ठेवल्या की चार दिवसांत भराभर वाढतात, पण याला नुसत्या प्लेटवर ठेवलं तर काहीच उगवत नाही. मग वरून निर्जंतुक ऑलिव्ह ऑइलचा पातळ थर द्यावा लागतो, तेव्हा कुठे फिकट क्रीम रंगाचे ठिपके दिसायला लागतात. २००७ मध्ये मॅलॅसेझिया ग्लोबोसा या जातीचा सगळा जीनोम, म्हणजे सगळ्या जीनचा संच, वाचला गेला तेव्हा याचं मूळ कारण सापडलं. त्याच्याकडे जेमतेम सव्वाचार हजार जीन आहेत, आणि स्वतःसाठी फॅटी ॲसिड तयार करायचा जो जीन जवळजवळ सगळ्या जीवांकडे असतो तोच याच्याकडे नाही. जन्मभर तेलकट कातडीवर राहून राहून स्वतः चरबी बनवायची गरजच उरली नाही, ती सोय गेली, आणि तिच्या बदल्यात तेल फोडणारी एन्झाइम, म्हणजे लायपेज, भरपूर आली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं. जिथे तेल तिथे हे यीस्ट. डोकं, कपाळ, नाकाच्या कडा, भुवया, कानामागे, छाती, पाठीचा वरचा भाग. तळहातावर, तळपायावर तेलाच्या ग्रंथीच नसतात, मग तिथे याचा फारसा जोर नाही.

२०१३ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दहा निरोगी माणसांच्या अंगावरच्या चौदा जागा तपासल्या होत्या. डोकं, धड, हात अशा अकरा ठिकाणी मॅलॅसेझियाचंच राज्य निघालं, आणि टाच, पायाच्या बोटांच्या बेचक्या, पायाची नखं या तीन ठिकाणी मात्र कितीतरी प्रकारच्या बुरशांची गर्दी होती. म्हणजे पायाचा हिशोबच वेगळा. इगतपुरी-त्र्यंबककडे भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या या तेलखाऊ यीस्टमुळे नाहीत, तिथे ओल, बॅक्टेरिया आणि दुसऱ्याच बुरशा असतात.

बाळ जन्मलं की काही दिवसांतच हे यीस्ट त्याच्या अंगावर येतं, आईच्या आणि घरातल्यांच्या कातडीवरून. सुरुवातीला आईच्या हार्मोन्समुळे बाळाच्या तेलग्रंथी थोड्या जाग्या असतात, मग त्या शांत होतात, आणि वयात येताना पुन्हा जोरात कामाला लागतात. म्हणून कोंडा सातवी-आठवीपासून सुरू होतो आणि शिबं बहुतेक कॉलेजच्या वयात आणि तिशीपर्यंत जास्त दिसतं. त्या मुलांना घरचे म्हणतात अंघोळ नीट करत नाहीस, घाणेरडा आहेस. असं म्हणू नका हो. मळाचा यात काही संबंध नाही, दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही शिबं होतं, त्याच्या तेलग्रंथी आणि नाशिकचा मे महिना त्याने निवडलेला नसतो.

आता हे यीस्ट नुसतंच खाऊन बसतं का, तर तसंही नाही. कातडीवर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा बॅक्टेरिया येतो, गळू, फोड आणि एक्झिमा चिघळणं यामागे बऱ्याचदा हाच असतो. मॅलॅसेझिया असं एक एन्झाइम सोडतं की ते या बॅक्टेरियाचं प्रोटीन तोडतं आणि त्याला चिकट थर करून बसू देत नाही, हे लॅबमध्ये दाखवलं गेलंय. शिवाय या यीस्टच्या सततच्या सोबतीने कातडीची प्रतिकारशक्तीही तयार होत असते. म्हणून मी जेव्हा बाटलीवर सगळे जंतू साफ अशी जाहिरात बघते तेव्हा मला काळजीच वाटते. सगळे साफ करायचेच नाहीयेत. ते जमणारही नाही, आज पूर्ण धुऊन काढलं तरी केसांच्या मुळांतून ते परत वर येतं.

मग बिनसतं कुठे. सगळ्यात कॉमन म्हणजे कोंडा, मोठ्या माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी होतोच. होतं असं की आपल्या डोक्यावरचं तेल, म्हणजे सीबम, हे यीस्ट लायपेजने फोडतं. त्यातून सुटलेल्या फॅटी ॲसिडपैकी त्याला हवी ती ते खाऊन टाकतं आणि नको ती मागे सोडतं, त्यात एक ओलिक ॲसिड. हे ओलिक ॲसिड कातडीच्या वरच्या थरात घुसतं. काही जणांची कातडी ते निमूट सहन करते, काही जणांची बिथरते, सूज येते, पेशी घाईघाईने तयार व्हायला लागतात आणि नीट सुट्या होऊन न पडता गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटतात, तोच खांद्यावर दिसणारा पांढरा कोंडा. एका प्रयोगात नुसतं ओलिक ॲसिड डोक्याला लावून बघितलं तर ज्यांना कोंड्याची सवय होती त्यांच्या डोक्याला पापुद्रे सुटले, बाकीच्यांना फारसं काही झालं नाही. म्हणजे यीस्ट दोघांकडे आहे, तेल दोघांकडे आहे, फरक कातडीच्या स्वभावात आहे. यावरून एक प्रश्न मला सारखा विचारतात, माझ्याच डोक्यात कोंडा का, नवऱ्याच्या का नाही, एकच शॅम्पू, एकच उशी. याचं उत्तर हेच.

आणि कोंडा झाला की आपल्याकडे पहिला उपाय काय, तर डोक्याला भरपूर तेल चोपडून रात्रभर ठेवायचं, कारण डोकं कोरडं पडलंय असं वाटतं. पापुद्रे सुटतात म्हणून कोरडं वाटतं, पण बहुतेक वेळा खाली तेल जास्तच असतं. तेलाने पापुद्रे भिजून चिकटून बसतात, तेवढ्यापुरता कोंडा दिसायचा बंद होतो, यीस्टला मात्र खायला मिळतं. केसांना तेल लावायची आवड असेल तर केसांच्या लांबीला लावा, कोंडा आटोक्यात येईपर्यंत टाळूवर रात्रभर ठेवू नका. तान्ह्या बाळांच्या टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या धरतात तेव्हाही हेच. बाळाची टाळू भरायची पद्धत आपल्या घराघरांत आहे, आजीला दुखवायची गरज नाही, थोडा वेळ तेल ठेवून खपली मऊ करा आणि मग बाळाच्या शॅम्पूने धुऊन टाका, मऊ ब्रशने हलकं फिरवा, खपल्या नखाने उपटू नका. त्या खपल्या काही महिन्यांत आपोआप जातात. फक्त हल्ली मालिशला महागाचं ऑलिव्ह ऑइल आणायची फॅशन आलीय, ते डोक्याला नको, आम्ही लॅबमध्ये हे यीस्ट वाढवायला तेच वापरतो.

कोंड्याचाच मोठा भाऊ म्हणजे सेबोरिक डर्मटायटिस, नाकाच्या कडेला, भुवयांत, कानामागे, दाढीत लालसर आणि त्यावर तेलकट पिवळे पोपडे. थंडीत आणि टेन्शनमध्ये वाढतो. पार्किन्सन्स असलेल्यांना आणि एचआयव्ही असलेल्यांना तो जास्त होतो आणि जास्त जोरात होतो, त्यामुळे अचानक खूप पसरला तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवलेलंच बरं.

आता शिबं. यात मॅलॅसेझिया आपलं रूप बदलतं, गोल यीस्टमधून आखूड धागे काढतं आणि कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात पसरतं. उकाडा, घाम, दमट हवा, घट्ट सिंथेटिक कपडे, तेलकट कातडी, पोटातली स्टिरॉइडची औषधं, यातलं काही ना काही निमित्त लागतं. सातपूर-अंबडला कंपनीत भट्टीजवळ काम करणारी मुलं, जिममधून आल्यावर तोच ओला टी-शर्ट घालून फिरणारी मुलं, यांच्यात जास्त दिसतं. डाग पांढरट, तांबूस किंवा तपकिरी, कसेही असतात, गोऱ्या माणसाला तपकिरी दिसतात आणि सावळ्याला बहुधा पांढरट. छोटे छोटे गोल डाग एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि नखाने हलकं खरवडलं की त्यावर पिठासारखी बारीक भुकटी सुटते. खाज फारशी नसते, घाम आला की थोडी चुणचुण.

पांढरट का दिसतात हे ऐकण्यासारखं आहे. हे यीस्ट अझेलाइक ॲसिडसारखी द्रव्यं तयार करतं, आणि ती कातडीतल्या रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतात. तेच अझेलाइक ॲसिड आज मेडिकलमध्ये मुरमांच्या आणि काळ्या डागांच्या क्रीममध्ये विकत मिळतं. म्हणजे रंगपेशी मेलेल्या नसतात, त्यांचं काम तेवढं मंदावलेलं असतं. कोडात रंगपेशीच नाहीशा होतात, हा या दोघांतला मोठा फरक. आणि म्हणूनच औषधाने बुरशी गेली तरी डाग लगेच भरत नाही, रंग यायला काही महिने लागतात, ऊन लागलं की बाकीची कातडी अजून सावळी होते आणि डाग उलट जास्तच उठून दिसतात. लोकांना वाटतं औषध लागू पडलं नाही, मग दुसरी ट्यूब, मग तिसरी. खरवडून भुकटी येत नसेल तर बुरशी गेलीय, आता फक्त थांबायचंय.

आमच्याकडे तपासणी कशी होते तेही सांगते. डागावरून बोथट ब्लेडने ती भुकटी काचेच्या स्लाइडवर घेते, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, त्यात थोडी निळी-काळी शाई मिसळलेली, वर कव्हरस्लिप. पाच-दहा मिनिटांत कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशी शाई पिऊन निळी होते. मग लेन्समधून बघायचं. आखूड, थोडे वाकडे, तुटके धागे, आणि त्यांच्या मध्ये गोल गोल पेशींचे झुबके. पुस्तकात याला स्पॅगेटी आणि मीटबॉल्स म्हणतात, मला ते नेहमी शेवयांच्या तुकड्यांत साबुदाणा सांडल्यासारखं दिसतं. एकदा बघितलं की विसरत नाही. गजकर्णाच्या स्लाइडवर असं दिसत नाही, तिथे लांबच लांब, फांद्या फुटलेले धागे असतात, कारण गजकर्ण किंवा नायटा ही यीस्ट नाहीच, ती केराटिन, म्हणजे कातडी-केस-नखांतलं प्रोटीन, खाणारी वेगळी बुरशी, एकाची दुसऱ्याला लागणारी. शिबं तसं लागत नाही. एका ताटात जेवलं, एका बेडवर झोपलं म्हणून होत नाही.

निफाडकडचे एक बागाईतदार काका पुतण्याला घेऊन आले होते, पोराचं लग्न जमलेलं, गळ्यापासून खाली छातीभर डाग. मी स्लाइड बघेपर्यंत काका बाकावर बसले नाहीत, दारातच उभे. "ताई, खरं काय ते सांगा, कोड नाही ना? पाहुण्यांना काय सांगायचं आम्ही?" म्हटलं, "काका, शिबं आहे, बुरशी आहे, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, बरं होतंय." पोराने खाली मान घालून एवढंच विचारलं, "हळदीला शर्ट काढावा लागंल, तोवर जाईल का?" आठवड्याने काका ट्यूब आणि शॅम्पूची बाटली घेऊन परत आले, रागावून नाही, उत्सुकतेने. म्हणाले, "हे कीटोकोनाझोल का काय ते, आम्ही बागेत भुरीला हेक्झाकोनाझोल मारतो, टेब्युकोनाझोल मारतो, हे त्यांच्यातलंच दिसतंय की." आणि काकांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

ही सगळी ॲझोल घराण्यातली औषधं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो, आपल्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. ॲझोल हे एर्गोस्टेरॉल बनवणारं एन्झाइम बंद पाडतात, आवरण गळकं होतं, बुरशीची वाढ थांबते. द्राक्षाच्या पानावरची भुरी असो नाहीतर पुतण्याच्या छातीवरचं शिबं, घाव एकाच ठिकाणी बसतो. द्राक्षावरच्या डाऊनी या दुसऱ्या रोगाला मात्र हे ॲझोल चालत नाहीत, निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही बागाईतदाराला हे माहीत असतं, कारण डाऊनी ही खरी बुरशीच नाही, ती पाण्यातल्या शेवाळांच्या नात्यातली आणि तिला एर्गोस्टेरॉल बनवायचं नसतं. माणसाच्या कातडीचंही असंच, आधी नक्की काय आहे ते ठरलं पाहिजे. गजकर्णाला दिलेल्या टर्बिनाफिनच्या गोळ्या शिब्यावर चालत नाहीत, ते औषध पोटातून घेतलं तर शिब्याच्या थरापर्यंत पुरेसं पोचतच नाही, तेच क्रीम म्हणून वरून लावलं तर चालतं. आणि बागेत एकच औषध सारखं मारलं की भुरी दाद देईनाशी होते म्हणून गट बदलून फवारतात, ती भीती माणसाच्या औषधांतही आहे. फुप्फुसात जाणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीत ॲझोलला दाद न देणारे प्रकार शेतातल्या ॲझोलच्या वापरामुळे वाढल्याचं युरोपात दिसलंय. त्यामुळे उगाच, अर्धवट, कुणाचीतरी उरलेली औषधं वापरू नका.

औषध वापरायची पद्धत साधी आहे पण लोक नेमकं तेच चुकवतात. दोन टक्के कीटोकोनाझोलचा शॅम्पू डोक्याला लावून लगेच धुतला तर तो गटारात जातो, कातडीला काही मिळत नाही. टाळूला लावायचा, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. शिब्यासाठी डॉक्टर तोच शॅम्पू अंगाला लावायला सांगतात, किंवा अडीच टक्के सेलेनियम सल्फाइड दहा मिनिटं ठेवून धुवायला सांगतात, आणि लावताना नुसत्या डागांवर नाही, मानेपासून कमरेपर्यंत सगळीकडे, कारण जिथे डाग दिसत नाही तिथेही यीस्ट आहेच. जास्त पसरलं असेल तर पोटात घ्यायच्या गोळ्या असतात, त्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, लिव्हरवर आणि चालू असलेल्या दुसऱ्या गोळ्यांवर त्यांचा परिणाम होतो. शिबं पुढच्या उन्हाळ्यात परत येतं बऱ्याच जणांना, यात औषध खोटं नव्हतं की डॉक्टर चुकला नव्हता, यीस्ट घरचंच आहे, उकाडा आला की ते परत धागे काढतं. ज्यांना दर वर्षी होतं त्यांना डॉक्टर उन्हाळा सुरू व्हायच्या आधीपासून महिन्यातून एकदा शॅम्पू लावायला सांगतात, काकांना हे लगेच पटलं, भुरी दिसायच्या आधी फवारणी करायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

ज्याबद्दल मला मनापासून चीड आहे ते म्हणजे स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूब. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड. लावली की दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, म्हणून गल्लोगल्ली खपते, शेजारीण शेजारणीला सांगते. पण स्टिरॉइड तिथली सूज दाबताना तिथली प्रतिकारशक्तीही दाबतं, बुरशीला मोकळं रान मिळतं, थांबवलं की दुप्पट उसळतं, कातडी पातळ होते, जांघेत कायमचे ताणाचे व्रण पडतात. चार-चार महिने अशी ट्यूब लावून आलेल्या मुली बघितल्यात मी, स्लाइड बुरशीने भरलेली आणि कातडी कागदासारखी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा बऱ्याच स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर सर्रास मिळतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन असं काही दिसलं तर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय लावू नका.

पाठीवर, छातीवर, दंडावर एकाच मापाच्या बारीक खाजऱ्या पुटकुळ्या येतात त्याही याच यीस्टच्या असू शकतात, केसाच्या मुळात शिरून केलेल्या. त्या मुरमं समजून अँटिबायोटिक घेतलं जातं आणि त्या अजून वाढतात, कारण अँटिबायोटिकने शेजारचे बॅक्टेरिया मरतात आणि यीस्टला जागा मोकळी मिळते. खूण अशी की मुरमांत काळी टोकं असतात, लहानमोठी असतात आणि सहसा खाजत नाहीत, या सगळ्या सारख्या आणि खाज भयंकर.

कातडीवरचं दुसरं यीस्ट म्हणजे कॅन्डिडा. याचं मूळ घर तोंड, आतडी, योनी, कातडीवर ते ओल असेल तिथे पाय पसरतं. स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळीत, बाळाच्या लंगोटाच्या जागी. लालभडक ओलसर चट्टा आणि त्याच्या कडेने सुटे सुटे लाल ठिपके, ही त्याची ओळख. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या नखांच्या कडा सुजतात, दुखतात, नख खडबडीत होतं, त्यातही बऱ्याचदा कॅन्डिडा असतं, आणि तिथे क्रीमपेक्षा हात कोरडे ठेवणं जास्त कामाचं, आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घालून. ज्यांना हे सारखं सारखं होतं त्यांनी शुगर तपासून घ्यावी. डायबेटिस पहिल्यांदा असाच सापडलेली माणसं आम्ही दर वर्षी बघतो, जांघेतल्या चट्ट्याचं सॅम्पल द्यायला आलेली आणि शुगरचा रिपोर्ट घेऊन गेलेली.

दवाखान्यात ॲडमिट असलेल्यांसाठी मात्र ही यीस्टं गंभीर होऊ शकतात. कमी दिवसांच्या बाळांना शिरेतून चरबीचं सलाइन देतात, त्या नळीत मॅलॅसेझियाला आयतं तेल मिळतं आणि ते रक्तात उतरू शकतं. अमेरिकेतल्या एका नवजात बाळांच्या आयसीयूत अशी साथ आली होती, १९९८ मध्ये तिचा शोध छापून आला, कुत्र्यांच्या कानात राहणारी मॅलॅसेझियाची जात कर्मचाऱ्यांच्या घरच्या कुत्र्यांकडून त्यांच्या हातांवर आणि हातांवरून बाळांपर्यंत पोचली असावी असं त्यात निघालं. आणि कॅन्डिडा ऑरिस हे नवीन यीस्ट, २००९ मध्ये जपानमधल्या एका बाईच्या कानात पहिल्यांदा सापडलेलं, ते काखेत, जांघेत काही त्रास न देता महिनोन् महिने बसून राहतं, कॉटच्या दांड्यांवरही टिकतं, आणि बऱ्याच वेळा फ्लुकोनाझोल या ॲझोल औषधाला दाद देत नाही. आपल्या देशातही ते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सगळ्यात धोकादायक बुरशांच्या पहिल्या गटात ते घातलंय. आयसीयूत भेटायला जाताना नर्स हात धुवायला लावतात, बाळाला उचलू देत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर वैतागू नका, हात धुवा.

आता डागांचं एक शेवटचं, कारण सगळेच पांढरे डाग शिबं नसतात. दुधासारखा एकदम पांढरा, भुकटी न सुटणारा आणि त्यावरचे केसही पांढरे झालेले असतील तर ते कोड असू शकतं, त्यालाही आज उपचार आहेत आणि ते कुणाला लागत नाही. शाळेतल्या मुलांच्या गालावर फिकट, कोरडे डाग येतात, त्याला सगळे जंत झालेत म्हणतात, ते जंतांमुळे नसतात, कोरड्या कातडीचा प्रकार असतो आणि साध्या मॉइश्चरायझरने सुधारतात. आणि ज्या फिकट किंवा लालसर डागावर स्पर्श कळत नाही, गरम-गार कळत नाही, तिथे घाम येत नाही, तो डाग घेऊन थेट सरकारी दवाखान्यात जा, तो कुष्ठरोगाचा असू शकतो, औषध फुकट मिळतं, आणि लवकर सुरू केलं तर नसा वाचतात. घरी तपासायचं असेल तर डोळे मिटून बसवा आणि कापसाचं टोक डागावर आणि डागाबाहेर आळीपाळीने टेकवून कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवायला सांगा.